लग्नानंतर नाव बदललंय, नॉन क्रिमिलेयर संपलंय, भरतीच्या फॉर्मसाठी कागदपत्रं नक्की कोणत्या नावाने काढू?

माणदेशी_लेक

नमस्कार सगळ्यांना. खूप महिने इथे नुसतं वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदाच. वय २९, बीए २०१८ ला झालं, माहेर माण तालुक्यात, सासर इंदापूर तालुक्यात, लग्न २०२२ ला. ओबीसी, माळी. सरळसेवेची तयारी करतेय, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामसेवक, झेडपीचं कनिष्ठ सहाय्यक, जे निघेल ते भरायचं ठरवलंय. मुलगी दीड वर्षाची आहे, ती उठायच्या आत पहाटे चार ते सात अभ्यास होतो आणि दुपारी ती झोपली की थोडा. अभ्यासाचं आता टेन्शन नाही, टेन्शन कागदांचं आहे.

कारण मागच्या एका भरतीत माझं लिस्टमध्ये नाव आलं होतं, डीव्हीला (कागदपत्र तपासणीला) बोलावलं होतं, सासूबाई मुलीला घेऊन बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. आत टेबलवर सगळे कागद बघितले आणि नॉन क्रिमिलेयर (ओबीसीतल्या प्रगत गटात मोडत नाही याचा दाखला) हातात घेऊन म्हणाले हे अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर ११ दिवसांनी निघालंय. मी म्हटलं अर्ज आधीच केला होता, सही व्हायला वेळ लागला. ते म्हणाले आम्हाला दाखल्यावरची तारीख बघायची असते. नाव कमी झालं. माझ्या खालच्या मुलीला ऑर्डर निघाली, तिचा कागद वेळेत होता, तिचं काही चुकलं नाही. पण मी घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

आता परत तसं होऊ द्यायचं नाही म्हणून जाहिरात यायच्या आधीच विचारतेय. आत्ता माझ्याकडे काय आहे ते लिहिते. दहावी, बारावी, डिग्री, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, २०१७ चं डोमिसाईल (महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा दाखला), एमएससीआयटी (कॉम्प्युटर कोर्स) हे सगळं माहेरच्या नावाने. नॉन क्रिमिलेयर ३१ मार्चला संपलं. आधार सासरच्या नावाने आहे कारण बाळंतपणाच्या वेळी करून घ्यावं लागलं. पॅन अजून माहेरच्याच नावाने. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीचा आहे, गॅझेट (नाव बदलल्याचं राजपत्रात छापून घेणं) केलेलं नाही. जात वैधता (समितीने जात पडताळून दिलेलं प्रमाणपत्र) नाहीये, पण सख्ख्या भावाची आहे, त्याच्या इंजिनिअरिंगच्या वेळी काढलेली.

तर सगळे दाखले सासरच्या नावाने बदलून घेऊ का? नॉन क्रिमिलेयर इंदापूरला काढायचं का माणला? वडील झेडपी शाळेत शिक्षक आहेत, त्यांचा पगार धरला तर वर्षाचे ८ लाखाच्या वर जातं, मग मिळेल का? मागच्या वेळी मिळालं होतं पण आता एक जण म्हणतोय की पगार वाढला की मिळत नाही. आणि आधारवर एक नाव हॉल तिकीटवर दुसरं असं झालं तर परीक्षेला बसू देतात का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

अभ्यासिका_सदाशिव

ताई सरळ सगळं सासरच्या नावाने करून टाका, आधार आधीच झालंय ना, आता पॅन पण करा, डोमिसाईल नवीन काढा, जातीचा दाखला नवीन काढा, एकदाच कटकट. एक नाव म्हणजे विषय संपला. माझ्या चुलत बहिणीने असंच केलं.

सेतूवाला_दादा

मी ११ वर्षं आपले सरकार सेवा केंद्र चालवतोय, तालुक्याच्या ठिकाणी, त्यामुळे रोज हेच बघतो. वरच्या भावाचा सल्ला चांगल्या मनाने दिलाय पण ताई तो ऐकू नका, निदान जातीच्या दाखल्याच्या बाबतीत तरी नाही. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही, त्यामुळे जातीचा दाखला वडिलांकडच्या पुराव्यावरच मिळतो आणि तुमच्याकडे आहे तो चालतो, त्याला मुदत नसते. नॉन क्रिमिलेयरचं पण तसंच, ते आईवडिलांच्या स्थितीवर ठरतं, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या उत्पन्नावर नाही. म्हणजे माणलाच काढा, जातीच्या दाखल्यावर जे नाव आहे त्याच नावाने, सोबत विवाह नोंदणीचा दाखला लावा म्हणजे आधारवरचं नाव वेगळं का हे वर बसलेल्या माणसाला कळतं.

आता वडिलांच्या पगाराचं. हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून चार जण विचारतात आणि यात लय लोकांचं नुकसान झालंय कारण कोणीतरी सांगतं मिळणार नाही आणि पोरं अर्जच करत नाहीत. ८ लाखाची मर्यादा मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. वडील गट क मध्ये आहेत (सरकारी पदांचे अ ते ड असे गट असतात), प्राथमिक शिक्षक गट क मध्ये येतात, मग पगार ९ लाख असो नाहीतर १० लाख, त्यावरून नाकारता येत नाही. बघायचं असतं ते बाकीचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, धंदा, बँकेचं व्याज वगैरे. आईवडिलांपैकी एक जण थेट गट अ मध्ये भरती झालेला असेल किंवा दोघंही गट ब मध्ये असतील तर मग पद बघूनच क्रिमिलेयरमध्ये धरतात, तो विषय वेगळा. तुम्ही एक काम करा, वडिलांना त्यांच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून पदाचा गट लिहिलेलं पत्र आणायला सांगा, शिवाय तीन वर्षांचे पगाराचे दाखले, शेती असेल तर सातबारा आणि आठ अ. हे पत्र असलं की तुमचा अर्ज टेबलवर अडकत नाही. नसलं की क्लार्क फक्त आकडा बघतो आणि त्रुटी काढून परत पाठवतो, आणि परत आलेला अर्ज म्हणजे परत रांगेच्या शेवटी.

तीन वर्षांच्या उत्पन्नावर काढलं तर तीन वर्षांपर्यंत वैध मिळतं, एका वर्षाच्या उत्पन्नावर काढलं तर एकच वर्ष. पोरं घाईत एकच वर्षाचा उत्पन्नाचा दाखला घेऊन येतात आणि दरवर्षी मार्चनंतर परत पळतात. तुम्ही तीन वर्षांचाच काढा.

आणखी एक, कोणी शपथपत्रासाठी ५०० चा स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर आणू नका. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन क्रिमिलेयरचा दाखला यासाठी तो मार्च २०२५ मध्ये माफ केलाय, साध्या कागदावर सही करून चालतं. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही पण २०१५ पासून लागत नाही, स्वतःची सही म्हणजे स्वसाक्षांकित करायचं. अजूनही म्हातारी माणसं झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन हायस्कूलच्या हेडमास्तरांच्या दारात उभी असतात, बघून वाईट वाटतं.

अर्ज केला की पावती घ्या, नुसती केंद्रवाल्याच्या तोंडावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा नाही. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, त्यात प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिलीय, पावती असली तरच ती मुदत मोजता येते. मुदत उलटली की प्रथम अपील करता येतं, ते पण ऑनलाईन. अपील टाकलं की फाईल हलते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माणदेशी_लेक

दादा खूप खूप धन्यवाद. पगार धरत नाहीत हे मला खरंच माहीत नव्हतं, मागच्या वेळी वडीलच सगळं करत होते. अजून एक शंका, आमच्या इथे एक मुलगी म्हणाली की महिलांना आता नॉन क्रिमिलेयर लागतच नाही, सरकारने काढून टाकलं. मग हे सगळं कशाला?

फाईल_नंबर_सात

मी ग्रामपंचायत अधिकारी म्हणून लागून चार वर्षं झाली (आमची ऑर्डर आली तेव्हा ग्रामसेवकच म्हणायचे), लग्नानंतरच लागले, माझंही नावाचं सगळं असंच होतं म्हणून लिहिते. तुझ्यापेक्षा मोठी आहे म्हणून अगंतुगं करते, चालेल ना.

आधी तुझ्या मैत्रिणीचं. ते अर्धवट आहे आणि त्यामुळे फार घात होतो. मे २०२३ मध्ये जो निर्णय झाला तो खुल्या प्रवर्गातल्या महिलांच्या राखीव जागांसाठी होता, त्यांची नॉन क्रिमिलेयरची अट काढली. तू ओबीसी महिला म्हणून जागा मागणार असशील तर तुला लागतंच. फॉर्ममध्ये ओबीसी निवडलंस आणि दाखला नसला तर डीव्हीला काय होतं ते तुला माहितीये.

आता नाव. आपल्या सगळ्या कागदांचा बाप म्हणजे दहावीचं सर्टिफिकेट. जन्मतारीख तिथून, नाव तिथून, आईचं नाव तिथून. फॉर्म भरताना नाव दहावीला आहे तसंच, स्पेलिंगसकट, एक अक्षर इकडं तिकडं नाही. बहुतेक फॉर्ममध्ये पुढे विचारतात नाव बदललंय का, तिथे होय करायचं आणि लग्नानंतरचं नाव टाकायचं. तिथे नाही करून पुढे गेलं तर नंतर आधार दाखवताना गोंधळ होतो. त्यामुळे दाखले सासरच्या नावाने बदलायची गरज नाही, गरज आहे ती दोन नावांना जोडणाऱ्या पुराव्याची. विवाह नोंदणीचा दाखला हा पहिला पूल (नमुना ई मधला घे, लग्नपत्रिका किंवा पोलीस पाटलाचा दाखला चालवून घेत नाहीत), आणि गॅझेट हा दुसरा. गॅझेट आत्ताच करून टाक. शासन मुद्रण संचालनालयाच्या साईटवर ऑनलाईन अर्ज आहे, फी भरायची, जुनं नाव नवं नाव, पुरावा जोडायचा, आठवड्याच्या राजपत्रात छापून येतं, ती पीडीएफ डाऊनलोड करून दोन ठिकाणी ठेव. स्पेलिंग टाकताना नवऱ्याला शेजारी बसव आणि दोघांनी मोठ्याने वाचा, कारण गॅझेटमध्येच चूक झाली तर ती दुरुस्त करायला परत अर्ज.

माझ्या वेळी काय झालं सांगते. माझ्या बारावीच्या मार्कलिस्टवर आईचं नाव सुमन आणि दहावीवर सुमनबाई. एवढंच. आणि त्यासाठी मला एका टेबलवरून दुसऱ्या टेबलवर दीड तास फिरवलं, शेवटी एक प्रतिज्ञापत्र मागितलं की ही एकच व्यक्ती आहे. मी ते आधीच करून फाईलमध्ये ठेवलं होतं कारण माझ्या भावाने आठवण केली होती. माझ्या मागे एक मुलगी होती परभणीची, तिच्या वडिलांच्या नावात असाच फरक होता, तिच्याकडे नव्हतं, तिला हमीपत्र लिहून देऊन आठ दिवसांची मुदत घ्यावी लागली, आणि ती परभणीहून परत आली. म्हणून आज रात्रीच सगळे कागद जमिनीवर पसर आणि फक्त नावं वाच. बाकी काही वाचू नको. तुझं नाव, वडिलांचं, आईचं, आडनाव, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे. जिथे फरक दिसेल तिथे पेन्सिलने खूण कर. हे काम एका बैठकीत होतं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे.

डोमिसाईलबद्दल, २०१७ चं आहे ना, ते चालतं, डोमिसाईलला मुदत नसते. लोक दरवर्षी नवं काढत बसतात उगाच. फक्त ते डिजिटल सहीचं आहे का बघ, त्यावर बारकोड असतो, तो स्कॅन झाला पाहिजे. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून तो काळा झाला असेल तर मूळ पीडीएफ परत डाऊनलोड करून प्रिंट काढ.

अभ्यासिका_सदाशिव

ओके ताई, माझं चुकलं जातीच्या दाखल्याबद्दल. बहिणीला विचारलं आत्ता, तिने पण जातीचा दाखला माहेरचाच ठेवलाय, फक्त आधार पॅन बदललंय. माझ्या डोक्यात सगळं एकच होतं. माणदेशी ताई सॉरी, माझं ऐकू नका.

फाईल_नंबर_सात

अरे सॉरी कशाला, बरं झालं विचारून आलास. पण पॅनचं मात्र मला सांगायचंय आणि ते महत्त्वाचं आहे.

माणदेशी, तुझं पॅन माहेरच्या नावाने आहे ते परीक्षा होईपर्यंत अजिबात बदलू नको. परीक्षेला आत सोडताना हॉल तिकीटवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. हॉल तिकीट दहावीच्या नावाने येणार, आधार सासरच्या नावाने. गेटवर उभा असलेला माणूस परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा असतो, त्याला तुझी गोष्ट ऐकायला वेळ नसतो, मागे तीनशे जण उभे असतात. तिथे माहेरच्या नावाचं पॅन काढून दाखवलंस की विषय संपला. पॅन, मतदान कार्ड, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स यातलं कुठलंही मूळ चालतं, रेशन कार्ड आणि लर्निंग लायसन्स चालत नाही. आधार पण सोबत ने, आणि विवाह दाखला आणि गॅझेटची प्रिंट पण ने, पण पुढे करायचं ते पॅन.

ज्यांचं सगळं बदलून झालंय त्यांनी घाबरू नका, गॅझेट किंवा विवाह दाखला मूळ आणि झेरॉक्स घेऊन गेलात तर सोडतात, फक्त रिपोर्टिंगच्या वेळेच्या तासभर आधी जा.

निपाणीचा_पोरगा

मध्येच विचारतोय माफ करा. मी निपाणी भागातला आहे, घरात मराठी, शाळा मराठी, पण राहतो कर्नाटकात, मग डोमिसाईल महाराष्ट्राचं कसं मिळणार? मी महाराष्ट्रातल्या भरतीला भरू शकतो का? इथे कोणी नीट सांगत नाही.

सेतूवाला_दादा

भरू शकता भाऊ. महाराष्ट्राने दावा सांगितलेली सीमाभागातली ८६५ गावं आहेत, त्यातल्या मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी अर्ज करता येतो. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते आधी बघा, आणि तिथे १५ वर्षं वास्तव्य असल्याचा तिथल्या सक्षम अधिकाऱ्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो, डोमिसाईलच्या जागी तो लावायचा. नमुना जाहिरातीच्या शेवटी परिशिष्टात असतो, त्याच नमुन्यात घ्या, साध्या लेटरहेडवर घेऊ नका. फॉर्ममध्ये पण सीमाभागाचा वेगळा प्रश्न असतो, तो सुटू देऊ नका. मराठी विषय घेऊन दहावी झालेली असेल तर ती मार्कलिस्ट पण जवळ ठेवा.

निपाणीचा_पोरगा

दादा तुम्हाला काय सांगू, दोन वर्षं मी फॉर्मच भरला नाही यामुळे. आजच यादी बघतो.

अभिलेख_कक्षातला_माणूस

मी महसूल खात्यातून रिटायर झालो, शेवटची सहा वर्षं रेकॉर्ड रूमलाच होतो, त्यामुळे जात वैधतेबद्दल थोडं सांगतो. मुलीने विचारलंय तसा प्रश्न अगदी योग्य वेळी विचारलाय, बहुतेक जण निवड झाल्यावर धावतात.

नोकरीसाठीचा पडताळणीचा अर्ज करायला साधारण निवड झाल्याचं किंवा कार्यालयाचं पत्र लागतं, म्हणजे आज तुला अर्ज करता येणार नाही कदाचित, पण पुरावे गोळा करायला कोणाचं पत्र लागत नाही. आणि खरा वेळ तिथेच जातो. समिती बघते ते म्हणजे मानीव दिनांकाच्या (त्या त्या प्रवर्गाला ठरवून दिलेल्या तारखेच्या) आधीचा पुरावा आहे का. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती भटक्या जमातीला २१ नोव्हेंबर १९६१, आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. तू ओबीसी, म्हणजे तुला १९६७ च्या आधीचा, वडिलांच्या किंवा आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या नावावरचा जातीची नोंद असलेला कागद हवा. वडिलांचा जन्म त्याच्या नंतरचा असेल तर आजोबांकडेच जावं लागतं.

आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, मराठी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर असतं, हेडमास्तर उतारा देतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील, आणि माण खटाव भागात त्या काळी दुष्काळात कोण शाळेत जात होतं, तर मग कोतवाल बुक. गाव नमुना १४ म्हणतात त्याला, जन्ममृत्यूची नोंद, त्यात जात लिहिलेली असते. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. अर्ज करायचा, गाव आणि अंदाजे साल लिहायचं, आजोबांच्या भावंडांचे जन्म आणि पणजोबांचा मृत्यू असं सगळं शोधायला सांगायचं, नुसतं आजोबांचं नाव सांगून बसायचं नाही. कारण त्या काळी मुलाचं नाव नोंदीत नसायचंच, नुसतं "अमक्यास मुलगा झाला" एवढं असतं, बापाचं नाव आणि जात. मोडी असेल तर वाचणारा माणूस लागतो आणि लिप्यंतर करून घ्यावं लागतं. मी स्वतः असे कागद उलटताना बघितलंय की एक नोंद सापडली आणि समोर बसलेला बाप रडायला लागला, कारण पोरीची नोकरी त्या एका ओळीवर होती. कागद इतके जीर्ण असतात की पान उलटताना कोपरा हातात येतो, म्हणून नक्कल मिळाली की ती जपून ठेव, पुढच्या पिढीला लागणार आहे.

तुझ्या बाबतीत मोठी गोष्ट म्हणजे सख्ख्या भावाची वैधता आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली वैधता हा फार जमेचा पुरावा आहे. भावाचं वैधता प्रमाणपत्र आणि शक्य असेल तर त्याने तेव्हा जोडलेल्या सगळ्या कागदांची झेरॉक्स घे, तेच कागद तुला लागणार. त्याला फोन कर आणि विचार त्याची फाईल कुठे आहे, पोरं हॉस्टेल सोडताना टाकून देतात. आणि वंशावळ नीट लिहून काढ, पणजोबांपासून खाली, सगळ्या चुलत्यांसकट, कारण ती शपथपत्रावर द्यावी लागते आणि भावाने दिलेल्या वंशावळीशी जुळली पाहिजे. त्याने एका चुलत्याचं नाव घातलं आणि तू विसरलीस तर प्रश्न येतो.

कबड्डी_सातवा

खेळाडू आरक्षणातून भरणाऱ्यांसाठी फक्त एवढंच की सर्टिफिकेट असून चालत नाही, ते क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं आणि तो पडताळणीचा अहवालही अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतला हवा. माझ्या रूममेटचं राज्यस्तरीय होतं, पडताळणी नव्हती, गेलं. जाहिरात यायच्या आधी करून ठेवा.

माणदेशी_लेक

बाबा (अभिलेख कक्षातले) तुमचं वाचून वडिलांना लगेच फोन केला. भावाची फाईल घरीच आहे माळ्यावर, वडिलांनी जपून ठेवलीय प्लास्टिकच्या पिशवीत. आजोबा शाळेत गेले नव्हते, त्यामुळे तेव्हा कोतवाल बुकाचीच नक्कल काढली होती, १९४० च्या दशकातली, ती पण आहे.

काल रात्री सगळे कागद पसरले आणि नुसती नावं वाचली. एमएससीआयटीच्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावात इंग्रजीत एक अक्षर जास्त निघालं. सात वर्षं माझ्याकडे आहे आणि मला कधी दिसलं नाही. ते दुरुस्त होतं का?

आणि फोटो सहीचं पण कोणीतरी सांगा, मागच्या वेळी तीन वेळा रिजेक्ट झालं अपलोड करताना.

सेतूवाला_दादा

एमएससीआयटीचं दुरुस्त होतं, ज्या सेंटरला केलं तिथे जा, दहावीचं सर्टिफिकेट दाखवा, ते एमकेसीएलकडे (हा कोर्स चालवणाऱ्या संस्थेकडे) पाठवतात. वेळ लागतो म्हणून आत्ताच टाका.

फोटो सही. आयबीपीएसच्या (ऑनलाईन भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) फॉर्मला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी, आणि स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं डिक्लेरेशन ५० ते १०० केबी. ते डिक्लेरेशन कॅपिटलमध्ये लिहायचं नाही, सही पण कॅपिटलमध्ये नाही, पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने. दुसऱ्या कंपनीचा फॉर्म असला तर माप वेगळं असू शकतं, जाहिरातीत बघा. लोक चूक काय करतात तर मोबाईलने फोटो काढतात, सावली पडते, मग ॲपने साईज कमी करतात आणि अक्षर फाटतं. स्कॅनर वापरा, २०० डीपीआय, कागद नीट कापून. झेरॉक्स स्कॅन करू नका, मूळ कागद रंगीत स्कॅन करा. आणि ज्या फोटोने फॉर्म भरला त्याच फोटोच्या आठ दहा कॉप्या काढून ठेवा, परीक्षेला आणि डीव्हीला तोच फोटो मागतात, वर्षभराने तुमच्याकडे तो नसतो. अंगठ्याचा ठसा घेताना शाई जास्त झाली की रेषा भरतात, आधी रद्दी कागदावर दोन वेळा टेकवा आणि मग तिसरा घ्या.

फाईल अपलोड झाल्यावर ती उघडून बघा, नुसतं हिरवी टिक आली म्हणून पुढे जाऊ नका. एका पोराने नॉन क्रिमिलेयरच्या जागी वीजबिल अपलोड केलं होतं, दोन्हीची नावं स्कॅन०१ स्कॅन०२ अशी होती. फाईलला नाव द्या मराठीत किंवा इंग्रजीत, पण द्या.

फाईल_नंबर_सात

आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र विसरू नको, नमुना अ, तुला एकच मुलगी आहे म्हणून प्रश्न नाही पण भरायचं सगळ्यांनाच असतं. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलामुळे हयात मुलं दोनपेक्षा जास्त झाली तर अपात्र, हा नियम इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते.

तुझा माणचा अर्ज झाला का? सासरहून जायला लांब पडत असेल तर वडिलांना सांग, पण कागद तू स्वतः एकदा वाचून दे.

माणदेशी_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, मुलीला ताप होता म्हणून जमलं नाही.

मी स्वतःच गेले होते, एसटीने, मुलीला सासूबाईंकडे ठेवून. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून वडिलांच्या पदाचं पत्र घेतलं, त्यावर गट क असं स्पष्ट लिहून घेतलं. तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आधी काढला, मग नॉन क्रिमिलेयरचा अर्ज केला. पहिल्यांदा टेबलवर म्हणाले पगार ८ लाखाच्या वर दिसतोय, मी पत्र पुढे केलं आणि शांतपणे म्हटलं पगार धरायचा नाही ना साहेब, बाकी उत्पन्न बघा. त्यांनी पत्र वाचलं, वरच्या साहेबांना विचारून आले आणि अर्ज घेतला. पावती घेतली, त्यावर मुदतीची तारीख आहे, ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवलीय.

काल मोबाईलवर मेसेज आला, दाखला तयार आहे. पुढची तीन वर्षं वैध. जाहिरात अजून आलेली नाही.

गॅझेटचा अर्ज भरलाय, नवऱ्याने आणि मी दोन वेळा मोठ्याने स्पेलिंग वाचलं. एमएससीआयटीचं सेंटरला दिलंय. पॅनला हात लावला नाही. वंशावळ वडिलांनी वहीत काढून दिलीय, पणजोबांपासून, भावाच्या शपथपत्राशी मी जुळवून बघितली, एका आत्याचं नाव त्यात नव्हतं, आत्या लहानपणीच गेली होती म्हणून भावाला माहीतच नव्हतं. ती लिहायची का नाही, बाबा, तेवढं सांगा.

अभिलेख_कक्षातला_माणूस

भावाने शपथेवर दिलेली वंशावळ आहे तशीच ठेव म्हणजे दोन्ही जुळतील. पण कोतवाल बुकात त्या आत्याच्या जन्माची नोंद असेल तर तिची पण नक्कल मागून घे. त्यावर पण जात लिहिलेली असणार, आणि तिचं साल १९६७ च्या आधीचं असेल तर आणखी एक पुरावा तुझ्या हातात येईल. अर्जात गाव, आजोबांचं नाव आणि "मुलगी" असं लिही.